गणपूर्ती

सोहारला मार्चमध्ये बटाटा निघतो,
आणि एप्रिल उजाडेतो शीतगृहात कुठेतरी एक पोतं पाझरायला लागतं.
पिवळट, चिकट पाणी,
बंदरावरच्या मासळीलाही लाज वाटेल असा वास.
मोतालेब दोन थप्प्यांमधून नाक पुढे करून चालतो
आणि बोट दाखवतो: हे. आणि त्याच्या खालचं.
यंत्राला कळायच्या दोन दिवस आधी त्याला कळतं.
यंत्राची किंमत मला पाठ आहे.
त्याचा पगार मी कधी विचारला नव्हता.

माझं काम पलीकडच्या इमारतीत.
बटाट्याच्या चकत्या पाडायच्या, सगळ्या एका मापाच्या.
(आई फोनवर विचारते, एवढं शिकून चकत्याच का गं?
हो आई. फक्त तळायच्या नाहीत.)
प्रत्येक चकतीवर जंतूंचा एक थेंब,
अठ्ठावीस अंशांवर झाकून ठेवायचं,
सकाळी मोजायचं किती चकत्यांचा लगदा झाला.

डॉक्टर रुकय्या बलूशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
एकटा जंतू काही करत नाही.
तो आजूबाजूला नुसता एक शब्द सोडतो,
एवढासा, कडीसारखा वळलेला, मागे शेपूट.
दुसराही तोच सोडतो. तिसराही.
पाण्यात तो शब्द दाट झाला की सगळ्यांना एकदम उमगतं
आपण किती आहोत ते,
आणि एका रात्रीत बटाट्याच्या भिंती विरघळतात.

मला मंचरच्या पतपेढीची वार्षिक सभा आठवली.
बाबा दारात उभे राहून डोकी मोजायचे,
दोन कमी पडली की चहावाल्याच्या बाकावरून सभासद उठवून आणायचे.
झाली बरं का गणपूर्ती, म्हणायचे,
आणि तेव्हा कुठे अध्यक्ष खाकरायचे.

आता आम्ही मातीतल्याच दुसऱ्या एका जंतूकडून
एक विकर उसना घेतला आहे,
आणि तो घडवायची कृती बटाट्याच्या पेशीत लिहून ठेवली आहे.
हा विकर कुणालाही मारत नाही.
तो फक्त कडी उघडतो.
शब्द सरळ होतो, अर्थ सांडून जातो.
जंतू जिवंत, धडधाकट, लाखांनी,
आणि प्रत्येकाला वाटतं, इथे मी एकटाच.

अकराव्या वाणाच्या चकत्या सहाव्या दिवशीही पांढऱ्या होत्या.
काडीने टोचलं तर टच्च.
रुकय्याबाईंनी खजूर वाटले.
मी वहीत लिहिलं: लक्षणे नाहीत.

त्याच आठवड्यात मोतालेब थप्प्यांमध्ये थांबला.
चार अंशांत त्याचं बोलणं वाफ होऊन दिसत होतं.
तीन महिने पगार नाही, म्हणाला.
काल पाच जण म्हणत होते. आज आठ.
तापमान सांगावं तसं सांगितलं.

गुरुवारी मुकादम आला.
कुणाला मारलं नाही, कुणाला काढलं नाही.
दोघे सलालाला गेले, एक निझवाला, मोतालेब बुरैमीला.
उरलेल्यांच्या खोल्या बदलल्या,
शेजारच्या खाटेची भाषा कुणालाच कळू नये अशा.
शुक्रवारी पत्र्यांच्या खोल्यांत शांतता होती.
पांढरी, टच्च.

मी वहीचं ते पान दोनदा उलटलं.
बटाट्यासाठी मला अजूनही आनंद आहे, तो खोटा नाही.
पण पतपेढीच्या सूचनेत सगळ्यात खाली
बारीक अक्षरांत एक ओळ असायची, बाबा ती न चुकता वाचायचे:
गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा
अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल,
व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

शीतगृहातल्या यंत्राने आज लाल दिवा लावला.
दोन दिवस उशिरा, नेहमीसारखा.
मी हातमोजे काढले आणि बुरैमीला एक शब्द पाठवला:
किती?

दोन निळ्या खुणा.
अजून उत्तर नाही.