चार टायर

सकाळी सहाला चर्चची व्हॅन काढतेस तू, आई,
काचेवरचं दव बाहीने पुसतेस.
शेतातला कापूस निघून गेलाय,
त्याची पांढरी घाण रस्त्याकडेच्या गवतात अडकलेली.
पहिली मिस व्हर्डेल. वय एक्क्याण्णव.
तिला चढायला सीटखाली लाकडी पाट ठेवलायस.
दर निवडणुकीला ती विचारते,
"अर्नेस्टीन, तू नाही येत आत?"
दर निवडणुकीला तू म्हणतेस,
"मग गाडी कोण सांभाळणार?"

मतदान अग्निशमन केंद्रात. लाल बंब बाहेर काढून
त्याच्या जागी टेबलं मांडलीत.
दीडशे फुटांवर चुन्याची रेघ.
ती प्रचारवाल्यांसाठी असते, तुला ठाऊक आहे.
तरी व्हॅन तू अलीकडेच थांबवतेस,
आणि मिस व्हर्डेल तेवढं अंतर काठीने मोजत जाते.

एक चेक वटला नव्हता.
एकशे अडुसष्ट डॉलर, चार टायर,
माझ्या जन्माआधीचे.
टायर झिजले, गाडी भंगारात गेली, दुकानदार वारला,
त्याच्या दुकानात आता नखं रंगवून देतात.
पैसे तू फेडलेस, वर दंड, वर तीन वर्षांची हजेरी.

मिसिसिपीत मत परत मिळायला
तुझ्या एकटीच्या नावाचा कायदा लागतो.
दोन्ही सभागृहांत, तिनांतले दोन हात वर.
एका वर्षी कुणीतरी मांडलाही.
जॅक्सनला जायचं म्हणून तू निळा ड्रेस इस्त्री केलास.
"समितीतच गेला," म्हणालीस,
शेजारचं कुणी जावं तसं,
आणि तो ड्रेस रूबीच्या लग्नात घातलास.

यंदा मी अठराची.
काल चिकटपट्टी शोधताना तो ड्रॉवर उघडला.
पेपरातून कापलेल्या नमुना मतपत्रिका, एकोणीस वर्षांच्या,
प्रत्येकीवर पेन्सिलने भरलेले गोल.
शेरीफ, न्यायाधीश, शाळा-मंडळ.
जिथे कुणालाच नाही, तिथे बारीक अक्षरात कारण.
आणि यंदा, पूल-रस्त्यांच्या जागेला, टॉलिव्हर.
गोल दोनदा गिरवलेला.

आत गेले. पेन दोरीला बांधलेलं.
वाटलं होतं, एक तरी गोल तुझ्या वतीने भरीन.
नाही भरला. टॉलिव्हर मला खोटारडा वाटतो.
दुसऱ्याला दिलं.
तुझं मत मला देता येईना, आई.
ते तिथेच आहे, ड्रॉवरमध्ये, घडी घातलेलं.

बाहेर आले तर विचारलंस, "रांग होती?"
"नव्हती."
"पेन चालत होतं ना?"
"हो."
मिस व्हर्डेलने तिचं स्टिकर तुझ्या स्टिअरिंगवर चिकटवलं,
मागच्या वेळच्या चिकट डागावर.
तू नखाने काढायला गेलीस, मग राहू दिलंस.
घड्याळ पाहिलंस. कालव्यापलीकडे अजून सहाजण,
शिवाय डीकन हॉलिसची व्हीलचेअर.
"पट्टे लावा," म्हणालीस,
आणि रेघ न ओलांडता
गाडी मागे घेतलीस.