नाव ठेवायला आलेले

तारिहाहून निघालो तेव्हा अंधार होता.
कामाच्या कागदावर एवढंच :
सिंतीची दरी. जुन्या वेली. नमुने पंधरा, पानं कोवळी.
पाहुण्यांना फुकट वाटतो त्या आमच्या नकाशात
ही दरी नाही.
तिथे छपाईवाल्यानं बाटलीचं चित्र टाकलंय,
जागा भरायला.

चार तासांनी दोन्ही अंगांना तांबडे कडे,
मध्ये नदी, नावापुरती ओली,
आणि काठाला झाडं. वेली शोधत मी
खालीच बघत चाललो होतो.

आमच्याकडे वेली तारेवर असतात,
कवायतीला उभ्या केल्यासारख्या, नंबर लावून.
इथे तार नाही. मोल्येचं झाड आहे,
पान चुरडलं की मिऱ्याचा वास येणारं,
आणि त्याच्या खांद्यावर चढून बसलेली वेल.
कुणी, कधी दोनाचे चार केले, कुणाला ठाऊक.
खोड कुठलं आणि बुंधा कुठला
हे कळायला मला साल खरवडावी लागली.

तिबुर्सियोनं शिडी लावली.
सत्तरीच्या पुढचा. एका पायात टायरची चप्पल,
दुसरा अनवाणी. का, विचारलं, तर म्हणाला,
एका पायाला तरी फांदी कळायला हवी.

ही कोणती जात?
ही मेव्हण्याची.
आणि ती?
ती पुरातून राहिलेली.
ही, अगदी टोकाची?
हिला घाई नसते. सगळ्यांची तोडणी उरकते,
आपण शिड्या धुऊन ठेवतो,
मग ही पिकते.
नाही, पण नाव?
तो वरून हसला. पानांतून नुसते दात दिसले.
नाव कशाला? हाक मारली तर खाली येणार आहे का?

पाच डोळ्यांची काडी कापली.
ओल्या कापडात गुंडाळली, चिठ्ठी बांधली : चौदा.
कात्री पुसताना हात जरा रेंगाळला,
कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

नोकरीला लागलो त्या वर्षी
याच दरीच्या रसाला आमच्या खरेदीखात्यानं
नावं ठेवली होती. रंग पातळ. साल जाड.
शहरात खपणार नाही. वेली काढून टाकाव्यात
आणि खुणेच्या जाती लावाव्यात, ही विनंती.
सहा प्रती. मीच टाइप केल्या होत्या,
एकही चूक न करता.
आता नावं ठेवणारेच
नाव ठेवायला आलो होतो.

दोन्या फ्लोरिंदानं पत्र्याच्या मगात वाइन दिली.
आधी जिभेवर काहीच नाही. मग, गिळून झाल्यावर,
मागच्या खोलीत कुणी हळूच बोलावं तसं
मिरं.
मी म्हटलं, तुम्हाला एक पत्र आलं असेल,
बावीसएक वर्षांपूर्वी. कंपनीचं.
तिनं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं.
पत्र? आलं असेल. तेव्हा घरात वाचणारं
कुणी नव्हतं ना.
आणि मगात आणखी ओतली.

तीन महिन्यांनी तक्ता आला.
नऊ नमुने काळी क्रियोय्या, जिला सगळे ओळखतात.
पाच मस्कतच्या गोतातले, लांबून का होईना.
चौदा नंबर : कुठेच जुळत नाही.
साहेब खूश. म्हणाले, आखूड नाव बघ,
परदेशी माणसाला उच्चारता येईल असं,
जमलं तर एखादं फूल, एखादी राजकन्या.

अर्ज माझ्या टेबलावर आहे.
नावाच्या रकान्यात अठरा चौकोन.
‘जिला घाई नसते’, त्यांच्या भाषेत,
मी पेन्सिलीनं मोजून पाहिलं.
शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलं
तर बसतं.
एक चौकोन उरतो.