वर्गणीची वही

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
डावीकडे नावं, उजवीकडे शिलिंग,
मधली रेघ पट्टीशिवाय मारलेली,
पानाच्या तळाशी जरा कललेली.

ओकेलो शिंपी, पाचशे.
चर्चमधल्या बायका मिळून अकराशे चाळीस,
चाळीस सुटे, रुमालाच्या गाठीत.
मोटरसायकलवाला ओंडिएक:
"आज तीनशे घे, उरलेले शुक्रवारी."
मी लिहिलं, शुक्रवारी.
आई म्हणाली, खोड ते. लिहून ठेवलेलं माणसाला लाजवतं.
खोडलं. पण दिसतंय अजून.

थेंबे थेंबे तळं साचतं, म्हणतात.
आमच्या दारात तळंच आहे, पलीकडचा काठ न दिसणारं.
तुटवडा थेंबांचा.

अपोंडीला नैरोबीच्या विद्यापीठानं बोलावलंय.
पत्र एक पान, फीचा तक्ता तीन पानं:
नोंदणी, वसतिगृह, ग्रंथालय, ओळखपत्र,
आणि 'इतर' नावाची एक रक्कम,
जिच्याबद्दल कुणाला विचारायचं ते कुठेच नाही.
सरकारी कर्ज आलं तर डिसेंबरात येईल.
दार सप्टेंबरात उघडतं.

अर्ज भरताना मी सोबत होतो.
सायबर कॅफे, मिनिटाला एक शिलिंग,
मालकाला अर्थातच घाई नव्हती.
"नर्सिंग टाक," म्हणाला, "नर्सिंगला मरण नाही."
मास्तरांनी सांगितलं होतं, शिक्षिका हो.
आईनं सांगितलं होतं, जे लवकर संपेल ते.
अपोंडीनं पहिल्या रकान्यात टाकलं: भूमापन.
दुसऱ्यात भूमापन, वेगळ्या गावचं.
तिसऱ्यात भूमापन.
चौथ्यापाशी बराच वेळ थांबली,
एकोणीस शिलिंग झाले तेव्हा नर्सिंग टाकलं.

का, ते कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाली असती, गणित आवडतं.

दुपार कलल्यावर ओबुरा काका मंडपात आले.
त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी असते, कुणी न सांगता.
माईक घेतला, खाकरले:
"माझ्या भावाची लेक ती माझी लेक.
वीस हजार!"
टाळ्या. बायकांची लांबलचक किलकारी.
मी आकडा लिहिला.
हात थरथरला नाही, एवढं सांगतो.

बाबा गेले त्या वर्षी मधलं शेराचं कुंपण
हातभर आत आलं.
पुढच्या वर्षी आणखी दोन हात.
शेराला काय, फांदी खोचली की रुजला,
आणि तोडायला जावं तर चीक डोळ्यात.
आईनं चीफला सांगितलं.
चीफनं काकांना बोलावलं चौकशीला,
काकांनी चीफला बोलावलं जेवायला.

रात्री कंदिलाशी बेरीज केली:
एक्याऐंशी हजार दोनशे दहा.
हवे होते चौऱ्याण्णव.
उरलेल्यासाठी मासळी वाळवायची जाळी गेली,
आणि ती शेळी, जिला आईनं नाव ठेवलं नव्हतं,
कारण नाव ठेवलं की विकवत नाही.

"काकांचे परत करूया?" मी विचारलं.
अपोंडी पत्र्याच्या पेटीत चादर घालत होती.
"वेडा आहेस का? पावती दे त्यांना.
सही घे. तारीख घाल."

बस साडेपाचची.
चार वाजता तिनं मला हलवलं.
बाबांच्या थडग्यापासून कुंपणापर्यंत
ती पावलाला पाऊल लावून चालली, अनवाणी,
बॅटरी मी धरली.
काकांचा कुत्रा एकदा भुंकला, मग ओळख पटली त्याला.
परत मोजलं. दोन्ही वेळा सारखंच.
"वही आण."

शेवटच्या पानावर, डावीकडे नाव न घालता,
तिनं सांगितलेला आकडा मी लिहिला.
उजवीकडे काही नाही.
चार वर्षं लागतात, असं तक्त्यात दिलंय.