प्रति मिनिट

विनकर वसाहतीत, आमच्या दारात
रंगाच्या रिकाम्या डब्यात आपोआप उगवलेली सदाफुली.
तिचं एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून
केगावच्या बसमध्ये मी मांडीवर धरलं होतं.

प्रयोगशाळेत त्याला धुतलं, पाऱ्याच्या पाण्यात बुडवलं,
पुन्हा धुतलं, चौकोनी कापलं.
तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडेकडेनं
पिवळसर, भुसभुशीत काहीतरी वर आलं.
पुस्तकात त्याला कॅलस म्हणतात.
अप्पांच्या अंगठ्याखाली घट्टा आहे ना,
मागावरचा, चौतीस वर्षांचा,
त्यालाही इंग्रजीत तेच म्हणतात, असं घरी सांगितलं
तर अप्पा म्हणाले, "मग तुझ्या बाटलीत काय विणतंय ते?"

उत्तर नव्हतं.

फिरत्या टेबलावर पंचवीस चंबू,
मिनिटाला शंभर फेऱ्या,
आत पेशी: पानही नाहीत आता,
फूल व्हायची घाईही नाही.
आठव्या दिवशी गाळायच्या, बर्फावर खलायच्या.
बर्फाचं यंत्र फेब्रुवारीपासून बंद,
म्हणून सात रस्त्यावरच्या सरबतवाल्याकडून लादी आणते.
तो विचारतो, "लग्न हाय काय घरात?"

रस, बफर, ग्वायाकोल,
सगळ्यात शेवटी पेरॉक्साइडचा थेंब.
थेंब पडला की घड्याळ.
आधी नुसतं पाणी दिसतं,
मग विटकरी, मग पानावर फासलेल्या कातासारखं.
दर पंधरा सेकंदांनी एक आकडा.
आई विड्यांचे कट्टे मोजते तशी मी मोजते,
ओठ न हलवता.

अकरा मेच्या रात्री वीज गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
टेबल थांबलं की पेशी तळाला बसतात,
हवा तुटते, काळवंडतात.
"मॅडम, खाली बसायलेत बघा ह्या,"
रात्रपाळीचे सिद्धाराम मामा फोनवर.
मी म्हटलं, हलवत राहा, जमेल तेवढे.

पहिली बस पकडून पोचले तर
वीज नुकतीच आली होती, तरी ते हलवतच होते,
दोन ह्या हातात, दोन त्या हातात,
बाकीचे रांगेत, पाळीची वाट बघत.
बनियन पाठीला चिकटलेलं.
कानडीत काही पुटपुटत होते. हिशोब असावा.

त्या बॅचचं रीडिंग दुप्पट आलं.
पेशी घाबरली की हे एन्झाइम वाढतं,
छापील आहे, नवं काही नाही.
सर म्हणाले, "टाकून दे.
शेकर बंद होता, फेऱ्या माहीत नाहीत."
त्यांचं बरोबर आहे.

नोंदवहीत आकड्यांवर रेघ मारली,
आणि तक्त्याबाहेर, समासात, पेन्सिलीनं:
हाताने. तीन तास दहा मिनिटे.
फेऱ्या प्रति मिनिट: सिद्धाराम यांना विचारणे.

संध्याकाळी विचारलं.
ते कुलपाची किल्ली शोधत होते.
"सुरुवातीला चाळीस," म्हणाले,
"पहाटे पहाटे तीस. खोटं कशाला सांगू."