विरजण

झाखर तळं, अल ऐन. सकाळचे पावणेसहा.
दिलमुरादच्या होडीतून मी नळी खाली सोडते.
गाळात हातभर शिरते, मग अडते.
वर येतो थरांचा दांडा:
बोटभर तपकिरी, मग राखाडी, मग काजळ,
आणि नासक्या अंड्याचा तो वास,
ज्याला दिलमुराद नाक दाबून सलाम ठोकतो.

इथे पूर्वी नुसती वाळू होती.
मग समुद्राचं पाणी आलं, मीठ काढलेलं,
मोऱ्यांतून गेलेलं, गाळून सोडलेलं.

चिमूटभर चिखलात, यंत्र म्हणतं, चार हजार प्रकार.
निम्म्यांपुढे रकाना कोरा.
ऊन नको, हवा नको,
गंधकावर भागवतात.
तळ्याला हे विरजण लावलं कुणी?
वाऱ्याने? शेकाट्याच्या लाल पायांनी?

खोलीवर हात तीनदा धुते,
तरी दही लावताना बोटांना वास असतोच.
विरजण साखळकरबाईंचं.
व्हिसा संपला, तेव्हा वाटी माझ्या दारात ठेवून गेल्या.
त्यांना कुणी दिलं होतं,
विचारायचं राहिलं.

कोमट दुधात चमचा फिरवते, झाकण ठेवते,
आणि एसी बंद करते.
एक रात्र उकडलं तर उकडलं.