बेट

सव्वाबाराला लाईन गेली
आणि आठही माग एका दमात गप्प.
चादरीतला मोर मानेपर्यंत आलेला,
डोकं अजून सुतातच.

अण्णांनी पत्र्याकडे बोट केलं.
"वर एवढा सूर्य आहे की बे,
अकरा हजार हप्ता भरतोय त्याचा.
तो कुठं गेला, जेवायला?"

मुबीना नदाफ आली स्कूटीवरून,
तोंडाला ओढणी, खिशात टेस्टर.
इन्व्हर्टरचा लाल दिवा बघून म्हणाली,
"बिघडलं नाही काका, त्याला शिकवलंय असं.
लाईन मेली की त्यानंही डोळे मिटायचे.
नाहीतर आपलं बेट होतं."

"बेट?"

"चहूकडं बंद, मधे आपण तेवढे चालू.
मग आपला करंट उलटा निघतो,
सर्व्हिस वायरमधून खांबाकडं.
खांबावर कुणीतरी असतो, काका.
त्याला वाटतं, तार मेलेली आहे."

अण्णांना बेट ठाऊक होतं एकच,
तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ.
त्यालाही काठावरून चालत जाता येतं.

मी शिडीनं वर गेलो.
चपलेतूनही पत्रा भाजत होता.
पॅनेलवर मागाचा भुसा साचलेला,
बाद चादरीच्या तुकड्यानं पुसू लागलो
आणि गल्लीच्या टोकाला तो दिसला.
डीपीच्या वर, पट्ट्यावर रेललेला,
एक हातमोजा दातांत धरून
उघड्या बोटांनी पाना फिरवत.
पायात शाळेचे काळे बूट, बहुतेक पोराचे,
टाचा दुमडून घातलेले.
वीस वर्षं फोनवरून शिव्या घालतोय आम्ही याला,
किंवा याच्यासारख्या कुणाला.
नाव नाही माहीत.

खालून अण्णांचा आवाज आला,
"आहे का रे कुणी?"
"आहे."
थोडा वेळ काहीच नाही.
मग, "राहू दे बंद."

कांडीवाल्या शांतम्मानं तांब्या नेला खांबापाशी.
तो उतरेना, तिनं तिथंच सावलीत ठेवला,
वर झाकण म्हणून रिकामी कांड्यांची टोपली.

दीड वाजून गेल्यावर लाईन आली.
हिरवा दिवा लागायला पाच मिनिटं अजून,
ती अण्णांनी उभ्यानंच काढली.
मग एकेक माग खोकत सुरू झाला,
तिसऱ्याचा धोटा दोनदा अडकला,
मोराला डोकं मिळालं, तुराही.

मान जिथं थांबली होती
तिथं एक बारीक पट्टी राहिली,
उजेडात धरली तरच दिसेल अशी.

व्यापाऱ्यानं ती उजेडातच धरली.
तीस रुपये कापले.