लोणा

ऑक्टोबरात हवा दमट झाली
की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
पांढरं काही फुटतं.
पहिल्या वर्षी मी बुरशी समजले.
दुसऱ्या वर्षी भिंगाखाली धरलं:
कडा होत्या, कोन होते.
मग बोट टेकवून जिभेला लावलं.
असं करायचं नसतं,
पण सोमवारी संग्रहालय बंद असतं.

मीठच.

चित्रकार लेफ्टनंट डेन्झिल प्रोबर्ट.
नौदलाने पगार देऊन नेमलेला:
इतरांनी किनारा घ्यायचा,
ह्याने तो कागदावर घ्यायचा.
वहीत त्या सकाळची एकच ओळ आहे,
"गोडं पाणी सांडलं. समुद्राचं वापरलं."
म्हणजे हा कागद
नोव्हेंबरातला आमचा समुद्र, पेलाभर,
वाळवून ठेवलेला.

नौकेचं पुढचं दार पाण्यात पडलंय.
माणसं कमरेपर्यंत बुडालेली, बंदुका डोक्यावर,
पुरातून तान्ही मुलं न्यावीत तशा.
शिरस्त्राणं मसुरीच्या दाण्याएवढी.
चेहरे नाहीत.
करड्याच्या तीन छटा आणि एक तांबूस ठिपका,
तो रक्ताचा असं सहलीची पोरं दर वेळी म्हणतात.
तो बोया आहे.
एकाने मागे वळून पाहिलंय.
तिथे ब्रश थबकला असावा;
त्याच्या खांद्यावर थेंब पसरून सुकलाय.

बांधातली खिंड मात्र प्रोबर्टने मन लावून रंगवली.
दोन्हीकडे तुटलेली माती, मधून उजेड,
चर्चच्या उघड्या दारातून यावा तसा.
बांध फुटला नव्हता. फोडला होता,
ह्या नौकांच्याच पक्षाच्या विमानांनी, महिनाभर आधी,
बेटावरचा शत्रू बुडावा म्हणून.
वाल्खेरेन बशीसारखं.
भरलं.

लेउन्त्ये गुरुवारी येतात, स्वतःचा थर्मास घेऊन,
समोरच्या बाकावर बसतात.
तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या.
"ती खिंड आहे ना, तिथे आमच्या मामाची बेकरी."
धूर म्हणून रंगवलंय ते त्यांच्या मते
पॉपलरची झाडं.
मी वाद घालत नाही.

वर्षभर समुद्र दिवसातून दोनदा
त्यांच्या स्वयंपाकघरात यायचा, परत जायचा,
दार न वाजवता.
चौकटीला शिंपले धरले, वडील ते कोयत्याने खरवडायचे.
कोंबड्या माळ्यावर, घोडा बांधावर.
"घोडा कुठे दाखवलाय?"
हे त्या दर गुरुवारी विचारतात.
बांधाच्या पलीकडे असेल, मी म्हणते, चित्राबाहेर.
मग खिंड बुजली, पाणी उपसलं,
आणि जमिनीवर हाच लोणा आला.
तीन हंगाम पेरलेलं उगवलं नाही.
जिप्समची पोती ओतली,
आणि आयुष्यभर पावसाला शिव्या घालणारी माणसं
पाऊस मागू लागली.

आता चित्रातला लोणा काढायचा
तर कागद धुवावा लागेल,
शुद्ध पाण्याच्या उथळ ताटात, चाळीस मिनिटं.
पण मीठ आणि करडा एकाच ब्रशने आलेत.
एक निघालं की दुसराही थोडा निघणार:
आधी लाट पुसट होईल, मग बहुधा
तो मागे वळलेला.

मी लेउन्त्येंना विचारलं.
वाटलं होतं, म्हणतील राहू दे,
तेवढंच तर उरलंय.
त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.
"धुऊन टाक," म्हणाल्या. "आम्ही धुतलंच की."

नोंदवहीत मी लिहिलं:
काम पुढे ढकललं.
कारण, हवामान.